सेकंडरी नेमसर्व्हर म्हणजे इन्व्हर्टर नव्हे

डोमेन घेताना निदान दोन नेमसर्व्हरची (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या मशीनची) नावं देतात. पहिला कामाचा आणि दुसरा घरातल्या इन्व्हर्टरसारखा, पहिला गेला की चालू होणारा, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर आपल्या वतीने पत्ते विचारत फिरणाऱ्या रिझॉल्व्हरला (मोबाइल कंपनीचा असो की गूगलचा ८.८.८.८) प्रायमरी (जिथे आपण नोंदी लिहितो तो) कोण आणि सेकंडरी (त्याची प्रत ठेवणारा) कोण हे कळतच नाही. त्याच्या हाती एनएस नोंदींची, म्हणजे डोमेनच्या नेमसर्व्हरच्या नावांची, यादी असते आणि तो त्यातला कुणालाही विचारतो. दोघेही पहिल्या दिवसापासून उत्तरं देतात. म्हणूनच सेकंडरीकडे माहिती शिळी राहिली, तर तुमच्या कितीतरी वाचकांना जुनाच पत्ता मिळत राहतो.

सेकंडरी कुठे ठेवायचा, हे आधी ठरवा. त्याच रॅकमध्ये, त्याच राउटरमागे ठेवला तर उपयोग शून्य. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. तिथल्या राउटरची मांडणी बदलताना चूक झाली आणि कंपनीच्या वेबसाइट जवळजवळ दिवसभर सापडेनाशा झाल्या. वेबसर्व्हर धडधाकट होते, त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नेमसर्व्हर वेगळ्या गावी आणि वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, असं आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजाने १९९७ मध्येच सांगून ठेवलं होतं.

बाइंड ९ या नेमसर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मांडणी सोपी आहे. प्रायमरीवर ‘टीसिग-कीजेन’ चालवून किल्ली (प्रत मागणारा आपलाच आहे हे पटवणारा गुप्त संकेत) तयार करा आणि ती त्याच नावाने दोन्हीकडे लिहा. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी ती चालत नाही. प्रायमरीच्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या संचात) ‘अलाऊ-ट्रान्सफर’, म्हणजे प्रत घेण्याची परवानगी, फक्त या किल्लीला द्या. सेकंडरीवर ‘टाइप सेकंडरी’, ‘प्रायमरीज’मध्ये पहिल्याचा आयपी पत्ता आणि किल्ली, आणि ‘फाइल’ला नुसतं नाव. उबुंटूवर ती फाइल आपोआप /व्हार/कॅश/बाइंड मध्ये जाते. /ईटीसी/बाइंड चा मार्ग दिलात तर ॲपआर्मर ही उबुंटूची सुरक्षा यंत्रणा अडवते, मग फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) लावूनही काही होत नाही. दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवा. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ‘बॅडटाइम’ म्हणून किल्ली नाकारली जाते.

आता सीरियल नंबर, म्हणजे झोनच्या आवृत्तीचा क्रमांक. या यंत्रणेचा जीव या एका आकड्यात आहे. सेकंडरी ठरावीक वेळाने प्रायमरीला विचारतो, तुझा सीरियल किती? आपल्यापेक्षा पुढचा असेल तरच नवी प्रत उतरवून घेतो. बदल होताच प्रायमरी ‘नोटिफाय’ ही सूचना पाठवतो, पण तेव्हाही तपासला जातो तो हाच आकडा. पत्ता बदलून सीरियल वाढवायला विसरलात, तर प्रायमरी नवं सांगतो आणि सेकंडरी जुनं. प्रायमरीच्या लॉगमध्ये ‘सीरियल अनचेंज्ड’ अशी एक ओळ येते, तेवढीच खूण. सेकंडरीचा लॉग स्वच्छ.

‘पुढचा’ म्हणजे मोठा असं मात्र नाही. हा आकडा ३२ बिटांचा आणि घड्याळासारखा गोल आहे. घड्याळात अकराच्या पुढे दोन येतात, कारण अंतर अर्ध्या तबकडीहून कमी आहे. इथे अर्धी तबकडी २१४७४८३६४८ ची. सीरियल बहुधा तारीख आणि त्या दिवसातला कितवा बदल असा लिहितात. समजा २०२५०६१५०१ लिहायचं होतं आणि बोटं चुकून २२०५०६१५०१ पडलं. आता बरोबर तारीख लिहिली तरी सेकंडरीला ती मागचीच वाटणार. उपाय असा: चुकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवा. बेरीज ४३५२५४५१४८ येते. ती ३२ बिटांत मावत नाही, म्हणून ४२९४९६७२९६ वजा करा, उरतात ५७५७७८५२. हा सीरियल घाला आणि सगळ्या सेकंडरींनी तो उचलेपर्यंत थांबा. मगच २०२५०६१५०२ लिहा. दोन्ही उड्या अर्ध्या तबकडीच्या आत असल्यामुळे सेकंडरी निमूट मागे येतो. एखादा सेकंडरी मधली पायरी चुकला तर तो तिथेच अडकतो, म्हणून घाई नको.

फायरवॉलमध्ये ५३ नंबरचं पोर्ट यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. सीरियलची विचारपूस यूडीपीवर होते, प्रत टीसीपीवर येते. कुणी नंतर टीसीपी बंद केलं तर झोन बदलेपर्यंत काहीच जाणवत नाही. बदलला की सेकंडरीला नवा सीरियल दिसतो, प्रत मिळत नाही आणि तो जुनीच उत्तरं देत राहतो. ‘एक्स्पायर’ (जुनी प्रत किती काळ चालवायची ती मुदत) १२०९६०० सेकंद असेल तर चौदा दिवसांनी तो ‘सर्व्हफेल’, म्हणजे उत्तर देता येत नाही, असं म्हणू लागतो. तोवर फायरवॉलला हात लावल्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

‘डिग’ या आज्ञेने दोन्ही सर्व्हरना थेट एसओए (सीरियल असलेली नोंद) विचारा. सीरियल सारखे हवेत आणि उत्तरात ‘एए’ (हे अधिकृत उत्तर आहे, असं सांगणारा) हा झेंडा हवा. बाहेरच्या मशीनवरून किल्लीशिवाय ‘एएक्सएफआर’, म्हणजे झोनची पूर्ण प्रत, मागितलं तर नकार यायला हवा. हे झाल्यावरच एनएस नोंद झोनमध्ये आणि रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) घाला.

यानंतर ‘प्रोपगेशनला ४८ तास लागतात’ हा मंत्र ऐकू येईल. कुठेही काही पसरत नसतं. रिझॉल्व्हरकडची साठवलेली नोंद टीटीएल (ती साठवून ठेवण्याची मुदत) संपल्यावर गळते, एवढंच. .कॉमच्या एनएस नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे, ४८ तास आले ते इथून. म्हणून जुना सर्व्हर काढताना आधी रजिस्ट्रारकडचं नाव आणि झोनमधली एनएस नोंद काढा, आणि मशीन आणखी दोन दिवस चालू ठेवा.