अंधारी, नजर आणि हृदयात भरणारं रक्त

खानापूरच्या शिवारात रोप लावण सुरू झाली की हे दरवर्षी घडतं. कितीतरी वेळ वाकून रोपं लावणारी बाई एकदम ताठ उभी राहते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती बांधावर मटकन बसते. "नजर लागली" म्हणत घरी मीठ-मोहरी उतरवतात. खरं तर उतरवायच्या कितीतरी आधी, बसल्या बसल्याच, तिला बरं वाटू लागलेलं असतं. श्रेय मात्र मोहरीला मिळतं.

त्या क्षणी तिच्या हृदयात रक्त कमी आलेलं असतं. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. विश्रांतीच्या वेळी हृदयाचा डावा कप्पा साधारण १२० मिलिलिटर भरतो आणि त्यातलं ७० बाहेर फेकतो. आत कमी आलं की बाहेरही कमी जातं, रक्तदाब घसरतो, मेंदूला काही क्षण रक्त अपुरं पडतं. प्लास्टिकच्या खोळीखाली घाम गाळलेला आणि सकाळपासून पाणी पोटात गेलेलं नसेल, तर सावरायला आणखी वेळ लागतो.

पण कमी आलं म्हणून कमी का फेकायचं? मला हृदयाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते इथंच. जर्मनीच्या ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर हे दाखवलं: भरताना स्नायू जितका ताणला जाईल, तितका तो जोरानं आकसतो. स्नायूच्या तंतूंत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे एकमेकांत सरकतात. ताण आला की ते कॅल्शियमला (याच्याच इशाऱ्यावर स्नायू आकसतो) जास्त संवेदनशील होतात, म्हणजे तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त ओढ मिळते. मेंदूचा हुकूम लागत नाही. प्रत्यारोपणात मज्जातंतू तुटलेलं हृदयसुद्धा हे करतं.

याचं मोल हिशेबात कळतं. समजा फुप्फुसाकडे रक्त पाठवणारा उजवा कप्पा दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त फेकू लागला. मिनिटाला ७० ठोके धरले तर १० मिनिटांत ७०० मिलिलिटर रक्त फुप्फुसात तुंबेल! तसं होत नाही, कारण जादा रक्त डाव्या कप्प्यात येताच तो जास्त ताणला जातो आणि जास्त फेकतो. दोन्ही बाजू आपोआप जुळतात.

ठोक्याला किती रक्त निघतं हे ठरवणाऱ्या बाकी दोन गोष्टी थोडक्यात. महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, दाब जास्त असेल तर झडप उघडायलाच जादा जोर जातो आणि रक्त कमी निघतं. उच्च रक्तदाबात हृदय थकतं ते यामुळे. अ‍ॅड्रिनलिन वाढलं तर मात्र तेवढ्याच भरण्यावर ठोका जोरकस होतो. बेळगावच्या तालमीत रोज धावणाऱ्या, जोर-बैठका काढणाऱ्या एखाद्या पैलवानाची नाडी ४८ भरली की घरचे घाबरतात. पण त्याचं हृदय ठोक्याला १०५ मिलिलिटर फेकत असेल तर मिनिटाला ५ लिटर होतातच, सामान्य माणसाइतकेच.

वारंवार अंधारी येत असेल, बसल्या जागी येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरच गाठावा. एरवी त्या बाईला बांधावर आडवं करून पाय उंच धरावेत. पायांतलं रक्त हृदयाकडे परत येतं, कप्पा भरतो, ताणला जातो आणि पुढचा ठोका मोठा पडतो.