डिकीतली बंदूक: परवाना, गाडी आणि १८७८चे एक वाक्य

परवाना आहे, गाडी स्वतःची आहे, मग बारा बोअरची बंदूक डिकीत ठेवून दादरहून पुण्याला न्यायला हरकत काय, हा प्रश्न मुंबईतल्या बहुतेक शस्त्रपरवानाधारकांना कधी ना कधी पडतो. याचे एका ओळीत उत्तर मिळत नाही, कारण खासगी वाहनातून लांब नळीचे शस्त्र नेण्याबद्दल आपल्याकडे स्वतंत्र कलमच नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या तरतुदींची एक चळत आहे आणि नाकाबंदीवर गाडी थांबली की ती सगळीच्या सगळी एकदम लागू होते.

सुरुवात १८७८ला होते. १८५७च्या उठावानंतर १८६०मध्ये एक शस्त्र कायदा झाला होता. पण शस्त्र बाळगणे, ते घेऊन फिरणे आणि त्याची वाहतूक करणे या तिन्ही गोष्टी परवान्याखाली आणल्या त्या व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८च्या कायद्याने. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. युरोपीय माणसाला शस्त्र परवान्यातून सूट होती, देशी माणसाला नव्हती. हा वांशिक भेद १९२०च्या सुमारास नियम बदलून काढला गेला, पण कायद्याची चौकट तशीच राहिली. या कायद्याच्या बाराव्या कलमात एक वाक्य होते. कोणी शस्त्र नेताना आढळला आणि नेण्याची रीत किंवा परिस्थिती संशय यावा अशी असली, तर परवाना असो वा नसो, त्याला वॉरंटशिवाय पकडता येईल. तेव्हा वाहन म्हणजे बैलगाडी, टांगा, होडी, फार तर आगगाडी. मोटार अजून यायची होती.

काँग्रेसचा या कायद्यावर सुरुवातीपासून राग. १९२८च्या नेहरू अहवालात आणि १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीत होता. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तो घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, हा त्यांचा आक्षेप होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत शस्त्रांचा उल्लेख आला तो उलट अंगाने: अनुच्छेद १९ नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतो. आजही बंदूक हा आपल्याकडे हक्क नाही. ती सवलत आहे, आणि सवलतीच्या अटी देणारा ठरवतो. अमेरिकेतला सल्ला वाचून इथे गाडी काढणाऱ्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो. तिथे १९८६च्या संघीय कायद्याने, शस्त्र रिकामे असेल आणि हाताशी नसेल तर, ते बाळगणे जिथे कायदेशीर आहे अशा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना मधल्या राज्यांच्या कायद्यापासून संरक्षण दिले आहे. आपल्या कायद्यात असे ‘सुरक्षित प्रवासा’चे कलम शोधून सापडणार नाही.

१९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. १८७८चे ते वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत कलम २०मध्ये आले, आणि अटक करण्याचा अधिकार दंडाधिकारी व पोलिसांबरोबर रेल्वे, विमान, जहाज किंवा वाहनावर काम करणाऱ्यांनाही मिळाला. म्हणजे कागदोपत्री एसटीचा कंडक्टरही हा अधिकार वापरू शकतो. वापरलेला कोणाच्या ऐकिवात नाही, ते सोडा.

गाडीच्या दृष्टीने या कायद्यातली आणखी चार कलमे महत्त्वाची आहेत. कलम १९नुसार पोलीस अधिकारी शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागू शकतो आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त करू शकतो. कलम ३२नुसार दोष सिद्ध झाल्यावर न्यायालय शस्त्राबरोबर ते ज्या वाहनातून नेले ते वाहनही सरकारजमा करू शकते. कलम ३६ वाहनावर काम करणाऱ्यांवर जबाबदारी टाकते: एखाद्या पेटीत शस्त्र असल्याचा संशय आला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे. आणि कलम ३५. ज्या शस्त्राबाबत गुन्हा होतो आहे ते अनेकांच्या सामाईक ताब्यातल्या वाहनात सापडले, तर त्याची माहिती असावी असे मानायला जागा असलेला प्रत्येक जण, उलट सिद्ध होईपर्यंत, एकट्याने गुन्हा केल्यासारखा जबाबदार. मागच्या सीटवर बसलेल्या मेव्हण्याला हे कलम माहीत नसते.

‘ताबा’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने दोनदा बोट ठेवले. १९७२च्या गुणवंतलाल खटल्यात, शस्त्र हातात नसले तरी त्याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असेल तर ताबा आहे, असे म्हटले. १९९४मध्ये मुंबई बाँबस्फोट खटल्यातल्या संजय दत्त प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचा ताबा हा जाणतेपणी ठेवलेला ताबाच असला पाहिजे, हे स्पष्ट केले. डिकीत बंदूक आहे हे माहीत असलेला चालक आणि माहीत नसलेला चालक यांत त्यामुळे कायद्याने फरक आहे. मात्र तो न्यायालयात ठरतो, नाक्यावर ठरत नाही.

मुंबईत १९५१ला आणखी एक थर चढला. तेव्हाच्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७(१)खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी बंदुका, तलवारी, भाले, लाठ्या घेऊन फिरण्यावर बंदी घालू शकतात. असा आदेश बहुधा १५ दिवसांसाठी निघतो आणि पंधरवडा संपला की नवा निघतो, हे मुंबईकरांना सवयीचे आहे. भंगाला कलम १३५ खाली शिक्षा, सर्वसाधारणपणे किमान ४ महिने आणि कमाल १ वर्ष. आदेशात सूट कोणाला आहे हे प्रत्येक वेळी वाचावे लागते. मागच्या वेळी सूट होती म्हणून या वेळी असेलच असे नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने तो विषयच संपवला. त्याआधी मुंबईतले हौशी लोक ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या जंगलांत बंदुका घेऊन जात. या कायद्याच्या कलम ३१नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग कर्नाळा अभयारण्यातून जातो. सार्वजनिक महामार्गावरून पार होणाऱ्याला अभयारण्यात प्रवेशाची मुभा कलम २७ देते. कलम ३१मध्ये मात्र शस्त्रासाठी तशी मुभा लिहिलेली नाही. कोकणात बंदूक न्यायची असेल तर कर्नाळ्यात गाडी थांबवून पाय मोकळे करू नयेत, हे बरे.

नाकाबंदीवर लांब नळी दिसताच पोलीस दचकतात, याला या शहराचा इतिहास कारण आहे. १९९३च्या सुरुवातीला रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला उतरवलेला शस्त्रे-स्फोटकांचा माल रस्त्यानेच मुंबईत आला. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर अडवलेल्या स्कोडा गाडीत एके-४७ होती आणि तिची नळी हातांनी धरून ठेवताना पोलीस तुकाराम ओंबळे यांचा जीव गेला. त्यानंतर ‘साहेब, परवाना आहे’ हे वाक्य उच्चारण्याआधी हात दिसतील असे ठेवणे हा शिष्टाचार राहिला नाही, गरज झाली.

प्रत्यक्ष ‘कसे न्यायचे’ याचे उत्तर मिळाले ते थेट २०१६च्या शस्त्र नियमांत. जुन्या १९६२च्या नियमांत परवान्याच्या अटी होत्या: शस्त्र खेळासाठी किंवा संरक्षणासाठी प्रामाणिकपणे न्यावे; जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये. २०१६च्या नियमांनी त्यात रीत घातली. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीत, लांब शस्त्र त्यासाठीच बनवलेल्या आवरणात. ते पूर्ण झाकलेले हवे. आणि नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण हवे. शेवटची दोन टोके एकमेकांना ताणतात. डिकीत कुलूपबंद केस ठेवली तर झाकण्याची अट पुरी होते, पण द्रुतगती मार्गावर वडापाव खायला सगळे उतरले आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली, की नियंत्रण कुठे उरले? एकाने गाडीजवळ थांबायचे, आणि तो परवानाधारकच असला पाहिजे. बंदूक चोरीला गेली तर ताबडतोब पोलिसांत कळवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे, आणि निष्काळजीपणाचा प्रश्न परवाना नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा निघतो.

दुनळी असेल तर काम सोपे. पुढचा लाकडी हातधर काढला, कळ दाबून नळ्या उतरवल्या की तीन तुकडे होतात आणि ३० इंची नळ्यांची केस लहान हॅचबॅकच्या डिकीतही बसते. जोडलेली बंदूक ४५ इंचांच्या पुढे जाते आणि तिरपी सीटवर ठेवावी लागते, म्हणजे बाहेरून दिसते. बोल्टच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागेपुढे ओढून काडतूस भरायचा दांडा, काढून वेगळ्या पिशवीत ठेवावा. निघण्याआधी नळीचे घर, म्हणजे काडतूस बसते ती मागची जागा, डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे, कारण मॅगझिन काढले तरी घरात एक काडतूस राहून जाते आणि अपघात त्याच एका काडतुसाने होतात. काडतुसे वेगळ्या डब्यात, मोजून. परवान्यावर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे दोन आकडे असतात. डब्यातली संख्या पहिल्या आकड्याच्या आत हवी आणि खरेदीची नोंद परवान्यावर हवी. मूळ परवाना जवळ ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोवर नंबर जुळवता येतो, पण त्या फोटोने परवाना दाखवण्याची जबाबदारी पुरी होत नाही.

मग येतो हद्दीचा प्रश्न, आणि बहुतेक जण अडकतात ते इथे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत पोलीस आयुक्त असलेल्या भागात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आयुक्तच, म्हणून मुंबईचा परवाना क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयातून मिळतो. परवान्यावर तो कुठे चालेल ते लिहिलेले असते: तेवढेच क्षेत्र, संपूर्ण राज्य किंवा संपूर्ण देश. वाशी पूल ओलांडला की नवी मुंबई आयुक्तालय, पुढे रायगड जिल्हा, घाट चढून गेल्यावर पुणे ग्रामीण, मग २०१८पासूनचे पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. दहिसर चेकनाक्यापलीकडे २०२०पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय आहे. फक्त मुंबईपुरता परवाना घेऊन मुलुंडहून ठाण्याला जाणारा दहा मिनिटांत क्षेत्राबाहेर जातो. तिथे पकडला गेला तर हा कलम ३०खालचा अटभंग, म्हणजे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, की कलम २५खालचा विनापरवाना ताबा, यावर वकील भांडतात. २०१९च्या दुरुस्तीने विनापरवाना ताब्याची शिक्षा २ ते ५ वर्षांची केल्यापासून हा वाद महागात पडतो. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे केली. ज्या आयुक्तालयांतून आणि जिल्ह्यांतून गाडी जाणार तिथले पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चे आदेशही वेगवेगळे असतात, तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येकाचा पाहावा.

चालकाच्या हाती बंदूक देऊन दुरुस्तीला पाठवता येते का? येते, पण चिठ्ठीशिवाय नाही. कलम ३च्या परंतुकानुसार परवाना नसलेला माणूस परवानाधारकासमक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र नेऊ शकतो, तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी. पत्रात शस्त्राचा नंबर, कारण, कुठून कुठे आणि तारीख हवी.

वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर जाणाऱ्या मुलांच्या लांब केसमध्ये बहुधा एअर रायफल असते. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअर, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. पण केस उघडल्याशिवाय आत काय आहे हे शिपायाला कसे कळणार? बोअर आणि ऊर्जा लिहिलेले विक्रेत्याचे बिल केसच्या खिशात ठेवले की पाच मिनिटांत सुटका होते. ०.२२ रायफल मात्र परवान्याचीच, मग नेमबाज कितीही नावाजलेला असो.

निवडणुकीच्या काळात बंदुका जमा कराव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००९मध्ये सरसकट जमा करायला लावण्याला हरकत घेतल्यापासून प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवते. समितीने सूट दिली तरी ती शस्त्र घरी ठेवण्याची. आचारसंहितेत ते गाडीतून फिरवणे म्हणजे कलम २०ला आमंत्रण.

सगळ्यात जास्त चुका वारशाच्या बंदुकीत होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वानर-रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाचे परवाने पूर्वापार आहेत, आणि तो परवाना शेताच्या राखणीपुरता असतो. वडील गेल्यावर चाकरमानी मुलगा ठासणीची बंदूक ‘आठवण म्हणून’ गाडीत घालून मुंबईला आणतो. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपलेला असतो, त्यामुळे कशेडी घाटात गाडी तपासली तर तो विनापरवाना ताबाच ठरतो, पिशवी कितीही चांगली असली तरी. कलम २१नुसार ती आधी गावाकडच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मागायचा, आणि तो हातात आल्यावरच बंदूक गाडीत चढवायची.