ब्रश केल्यावर लगेच चूळ का भरू नये?

‘फ्लोराइडमुक्त’ असं ठळक अक्षरांत छापलेल्या टूथपेस्ट हल्ली कौतुकाने विकल्या जातात. पण त्यातून नेमकं काय काढून टाकलंय, हे कळायला दाताच्या पृष्ठभागावर काय चाललेलं असतं ते बघायला हवं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांचं असतं. आपण गोड खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. काही मिनिटांत तिथला पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 5.5 च्या खाली जातो आणि स्फटिकांतले कॅल्शियम, फॉस्फेट सुटू लागतात. मग लाळ आम्लाचा जोर कमी करते आणि हेच आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पुन्हा दातावर बसतात. अशी झीज आणि भरपाई रोज अनेकदा होते. झीज वरचढ ठरत गेली की आधी पांढुरका डाग पडतो, मग खड्डा.

फ्लोराइडची खरी करामत भरपाईच्या वेळी दिसते. लाळेत ते अगदी अत्यल्प असलं तरी अर्धवट विरघळलेल्या स्फटिकाला चिकटतं आणि कॅल्शियम ओढून घेतं. त्यामागोमाग फॉस्फेट येतं. स्फटिकातल्या हायड्रॉक्सिल आयनच्या जागी फ्लोराइड आयन बसतो. तो किंचित लहान असल्याने स्फटिकाच्या जाळीत अधिक घट्ट बसतो. हा नवा थर विरघळायला पीएच साधारण 4.5 पर्यंत उतरावा लागतो. म्हणजे डागडुजी केलेली जागा मूळ एनॅमलपेक्षाही चिवट! रसायनशास्त्रात इतकी देखणी दुरुस्ती क्वचितच बघायला मिळते.

दात घडत असताना फ्लोराइड पोटात जायला हवं, असं पूर्वी मानलं जाई. आता कळलंय, की मुख्य फायदा दाताला बाहेरून लागणाऱ्या फ्लोराइडचा आहे. ते थोडंच, पण सतत तिथे असावं लागतं. म्हणून ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत.

फ्लोराइड म्हणजे विषच, असा प्रचार मात्र मात्रेचा विचारच करत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षानुवर्षं फार जास्त पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, हाडंही बिघडतात. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, तीही मोठ्यांनी स्वतः ब्रशवर लावून द्यावी.