कानाला पटणारं पात्र: बेळगाव सीमाभागातल्या विनोदी नटाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नाटकात कानडी वळणाचं मराठी बोलणारं पात्र आलं की पहिला हशा फुकट मिळतो. दुसरा मिळत नाही. नटानं वाक्याच्या शेवटी 'की' आणि 'रे' चिकटवलेले असतात, हेल ताणलेला असतो, पण वाक्य आतून पुणेरीच राहिलेलं असतं. इथल्या प्रेक्षकाच्या कानाला ते लगेच खटकतं, कारण ही भाषा तो रोज बाजारात ऐकतो.

वळण असतं ते व्याकरणात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंची नामं नपुंसकलिंगी, म्हणून कन्नड मातृभाषेचा माणूस मराठीत 'गाडी आलं', 'चहा थंड झालं' म्हणतो. कन्नडमध्ये भूतकाळी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून 'मी काम केलो', 'मी सांगितलो'. मराठीतलं 'पुस्तक-बिस्तक' कानडीच्या सवयीनं 'पुस्तक-गिस्तक' होतं. मात्र घरी मराठीच बोलणारा बेळगावकर वेगळा. 'मी केलो' त्याच्याही तोंडी असतं, 'जाऊलालो' हे रूप तर त्याचंच. पण गाडीचं लिंग तो चुकवत नाही. ही दोन पात्रं आहेत. एकाच्या तोंडी दुसऱ्याची चूक घातली की भूमिका मोडते. चुका किती, हेही आधी ठरवावं लागतं. दोन-तीन वाक्यांत एक पुरते. त्याहून जास्त झाल्या तर श्रोता गोष्ट सोडून चुका मोजायला लागतो.

कन्नड आणि मराठी रंगभूमीची ही देवघेव जुनी आहे. उत्तर कन्नडातली भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक खेळ करणारे फिरते नट, सांगलीला खेळ करून गेली आणि संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं. या खेळांत पदं सूत्रधार गायचा आणि पात्रांची भाषणं आयत्या वेळची असत. सुरुवातीलाच विदूषक नाचत येऊन सूत्रधाराशी हुज्जत घालायचा. त्याला संहिता नव्हती. समोरच्या गावाची बोली, त्या दिवसाची बातमी आणि हजरजबाबीपणा, एवढंच त्याचं भांडवल. बेळगाव जिल्ह्याच्या कानडी खेड्यांत श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य रंगायचं, त्यातही भागवत आणि दूती या पात्रांची जुगलबंदी याच घडणीची: एकानं सरळ विचारायचं, दुसऱ्यानं मुद्दाम वाकडं समजून घ्यायचं. मराठी तमाशातली गवळणीतली मावशी आणि बतावणीतला सोंगाड्या याच जोडकामावर जगतात. इथल्या नटानं हे दोन्हीकडून ऐकलेलं असतं, हे त्याचं मोठं धन आहे.

नाटकाची संहिता लिहून होऊ लागली तशी विदूषकाची मोकळीक आटली. या बदलाची एक वाट याच जिल्ह्यातून जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म 1843 चा, गाव गुर्लहोसूर. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात झालेल्या त्यांच्या 'शाकुंतला'त विदूषक राहिला, पण त्याचं बोलणं आता बांधलेलं होतं. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले. देवलांनी पुढचं पाऊल टाकलं. 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाला विदूषकाचा वेष नाही आणि तो कोटीही शोधत नाही. तो खरोखर संशयी आहे, म्हणून हसू येतं. चरित्रनटाचा, म्हणजे माणसाचा स्वभाव रंगवणाऱ्या नटाचा, विनोद तो हाच. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि 'मानापमाना'तला त्यांचा भित्रा लक्ष्मीधर गाजले ते त्यामुळेच.

मग रेडिओ आला आणि चेहरा गेला. धारवाड केंद्र 8 जानेवारी 1950 ला सुरू झालं, सांगली 1963 मध्ये. सीमाभागातल्या घराला रेडिओची सुई एका जागी ठेवली की कानडी आणि दुसऱ्या जागी ठेवली की मराठी मिळू लागलं. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी नुसत्या आवाजावर घराघरांत नेले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिघांची लय तीन प्रकारची होती.

यामागं यंत्राचंही कारण आहे. मध्यम लहरींवर साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कानापर्यंत नीट येत नाही. 'स'सारख्या ध्वनीचा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. म्हणून 'सासू' आणि 'शाशू' यांच्या फरकावर बेतलेला विनोद रेडिओवर विरतो. स्वर, हेल आणि वाक्याची ठेवण मात्र शाबूत पोचतात. बेळगावी पात्र रेडिओला मानवतं ते म्हणूनच.

पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या 'रावसाहेबां'चं ध्वनिमुद्रण इथल्या कितीतरी घरांत पाठ आहे. त्यात लिंगाची गल्लत आहे, कानडी वळण आहे, पण खिल्ली कुठं नाही. बोलणाऱ्याला त्या माणसाची माया आहे आणि ती ऐकू येते. पुढं कॅसेट आल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. एका पात्राला घोळवत न्यायला ती ऐसपैस पुरायची.

रंगमंचावरून आलेला नट माइकसमोर ठरावीक ठिकाणी अडखळतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असल्यानं आवाज मोजणारा काटा लाल रेघेत जातो आणि शब्द फाटतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवला तर 'प', 'फ', 'भ' यांचा वाऱ्याचा धक्का बसत नाही. ओरडायचं असेल तर मान वळवावी. अंग मागं नेलं की खोलीचा घुमारा वाढतो. संहितेचे कागद एकाच बाजूला लिहिलेले आणि सुटे हवेत, टाचलेलं पान उलटताना वाजतं. भुवई उंचावून घेतलेला विराम इथं नुसती शांतता ठरते आणि तीन सेकंद लांबला तर ऐकणारा रेडिओ तपासायला उठतो. तिथं सुस्कारा, कपबशी, खुर्चीची करकर असं काहीतरी ऐकू आलंच पाहिजे. नाटकात हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य घ्यायचं असतं. इथं हशा नाही, म्हणून वाक्यं एकमेकांच्या पाठीला लागून यावी लागतात. एका प्रसंगात चारपेक्षा जास्त आवाज ठेवले तर कोण बोलतंय ते कळेनासं होतं.

याची एक सोपी तपासणी आहे. संहितेतली पात्रांची नावं झाकून कुणाला तरी वाक्यं सपाट आवाजात वाचायला लावावीत आणि बाकीच्यांनी डोळे मिटून बोलणारा ओळखावा. ओळखता आला नाही तर आवाज बदलत बसू नये, वाक्यं पुन्हा लिहावीत.