सामुदायिक शाळा, झांबिया

झांबियातील खेड्यापाड्यांत आणि शहरांलगतच्या गरीब वस्त्यांत गावकऱ्यांनी, चर्चनी किंवा स्वयंसेवी संस्थांनी उभ्या केलेल्या प्राथमिक शाळा. जागा गावाची, भिंती गावाच्या श्रमाच्या आणि शिक्षक बहुधा त्याच गावातला, असा त्यांचा सर्वसाधारण नमुना. फी नसते किंवा नावापुरती असते. गणवेशाची सक्ती नसते, आणि बूट नसलेल्या मुलाला कोणी दारातून परत पाठवत नाही. अशी पहिली शाळा १९९२ मध्ये राजधानी लुसाकातील मिसिसी या झोपडवस्तीत निघाल्याचे मानले जाते. पुढे हे लोण खेड्यांत पसरले आणि तिथेच त्याने खरे मूळ धरले. स्वातंत्र्यानंतर केनियात लोकांनी ‘हारांबे’च्या, म्हणजे ‘मिळून जोर लावू’ या हाकेवर माध्यमिक शाळा बांधल्या. मालीतही १९९० च्या दशकात गावशाळा निघाल्या. झांबियातल्या शाळा मात्र मोठ्या अडचणीच्या काळात जन्मल्या.

१९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाची मदार तांब्यावर होती. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तांब्याचे भाव कोसळले, देश कर्जात बुडाला आणि सरकारने शिक्षणावरचा हात आखडता घेतला. फी, वह्या, गणवेश सगळे पालकांच्या गळ्यात आले. १९९१ नंतरच्या खासगीकरणात अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातच एड्सने घरेच्या घरे ओस पाडली. २००१-०२ च्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर जणांमागे सुमारे सोळा जण एचआयव्हीबाधित आढळले. आईबाप गेलेली नातवंडे आजीच्या पदरात पडली. जिथे एकवेळच्या मक्याची भ्रांत, तिथे शाळेचा खर्च कुठून यायचा?

खेड्यात याहून साधी अडचण होती ती अंतराची. सरकारी शाळा कित्येक किलोमीटरवर, वाटेत रान आणि पावसाळ्यात दुथडी भरलेली नदी. पहिलीचे वय सात वर्षे. पण एवढ्याशा पोराला इतकी पायपीट झेपत नाही, म्हणून आई त्याला घरी ठेवायची. ते दहाचे झाले की पहिलीसाठी थोराड ठरायचे. अशा मुलांसाठी सामुदायिक शाळांकरिता ‘स्पार्क’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात प्राथमिकचे सात वर्षांचे शिक्षण चार वर्षांत बसवले होते.

शाळा काढायची म्हणजे आधी गावचा मुखिया आणि त्या मुलखाचा पारंपरिक प्रमुख यांची संमती, कारण खेड्यांतली बहुतेक जमीन रूढीने त्यांच्या अखत्यारीत असते. मग पालकांची समिती बसते. वर्ग त्याआधीच झाडाखाली भरू लागलेला असतो. बांधकाम मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत उरकावे लागते. विटांसाठी वारुळाची माती उत्तम, कारण ती चिकट असते आणि भाजल्यावर घट्ट होते. झांबियाच्या रानात माणसापेक्षा उंच वारुळे सहज दिसतात. पुरुष ती फोडतात, बायका डोक्यावरून पाणी आणतात, माती तुडवून साच्यातल्या विटा उन्हात मांडतात आणि शेवटी त्यांचीच रास रचून भट्टी पेटवतात. वर गवताचे छप्पर. पत्रे आणि सिमेंट बाहेरची मदत मिळाली तर. मदत आली नाही तर दर दोन-चार पावसाळ्यांनी छप्पर पुन्हा शाकारायचे आणि वाळवीने खाल्लेले वासे बदलायचे.

भिंती गाव एकदाच उभारते. शिक्षकाला मात्र दर महिन्याला खायला लागते. या शाळांचे मर्म आणि दुखणे दोन्ही इथे आहे. नववी किंवा बारावी झालेला गावातला तरुण, नाहीतर एखादी बाई, प्रशिक्षणाशिवाय शिकवायला उभी राहते. मोबदला म्हणून मका, कोंबडी, साबण मिळतो किंवा पालक तिच्या शेतात निंदणी करून देतात. नवा मका हाती येण्याआधीच्या, पावसाळ्यातल्या टंचाईच्या महिन्यांत कणग्या रिकाम्या होतात आणि हे देणे आटते. चांगला शिक्षक अशा वेळी पोटासाठी शहराची वाट धरतो आणि वर्ग पोरका होतो. गावाने इथे कसूर केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशातल्या सर्वांत गरीब माणसांनी जे सरकारने द्यायचे ते आपल्या ताटातले काढून दिले.

प्रशिक्षित शिक्षकांची उणीव काही अंशी रेडिओने भरून काढली. २००० मध्ये शिक्षण खात्याच्या प्रसारण विभागाने रोजचा अर्ध्या तासाचा पाठ सुरू केला. वीज नसलेल्या गावांसाठी हाताने चावी देऊन चालणारे रेडिओ वाटले गेले. आवाज प्रश्न विचारतो आणि क्षणभर थांबतो. तेवढ्यात मुले एका सुरात उत्तर देतात, वर्गातला मार्गदर्शक, म्हणजे तो गावचाच शिक्षक, फळ्यावर अंक लिहितो, मग गाणे लागते आणि सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवतो. अनेक शाळांत मका आणि सोयाबीनच्या पिठाची पेज मिळे. घरून वाडगा घेऊन निघालेले मूल वर्गात टिके, हा तिथल्या शिक्षकांचा अनुभव.

२००२ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले, तरी या शाळा ओसरल्या नाहीत, कारण फी गेली पण अंतर तसेच राहिले. २०१० च्या सुमारास त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात होती आणि प्राथमिकच्या साधारण दर पाच मुलांपैकी एक त्यांत शिकत होते. २०११ च्या शिक्षण कायद्याने त्यांना रीतसर मान्यता दिली. काही शाळांना सरकारी शिक्षक मिळाले, काही पुढे सरकारनेच ताब्यात घेतल्या. २०२२ पासून बारावीपर्यंतचे सरकारी शिक्षण मोफत झाले आणि त्याच वर्षी सुमारे ३०,००० शिक्षकांची भरती झाली.

अनेक सामुदायिक शाळांना स्वतःचे परीक्षा केंद्र मात्र नसते. सातवीच्या परीक्षेसाठी तिथल्या मुलांची नावे जवळच्या सरकारी शाळेत नोंदवली जातात आणि परीक्षेच्या दिवसांत ती मुले पहाटे उठून, पेन्सिल खिशात घालून, सात वर्षे टळलेली तीच वाट चालत जातात.