कांदा निर्यात धोरण

कांदा निर्यात धोरण म्हणजे देशात पिकलेला कांदा परदेशात जाऊ द्यायचा का, द्यायचा तर किती, कुठल्या किमतीला आणि कोणामार्फत, याबद्दल केंद्र सरकार वेळोवेळी घेतं ते निर्णय. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आर्थिक धोरण, व्यापार धोरण आणि परराष्ट्र धोरण असे तीन सुटे धडे असतात आणि पोरं ते सुटेच पाठ करतात, पण लासलगावच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या कांदा बाजारपेठेच्या, एका लिलावात हे तिन्ही धडे एकदम दिसतात, म्हणून ही नोंद कांद्यावरून.

आधी अधिकार कुणाचा ते बघू, कारण परीक्षेत इथेच गोंधळ होतो. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती (नोंद १४) आणि बाजार (नोंद २८) राज्यसूचीत आहेत, म्हणजे बाजार समितीचा कायदा राज्याचा. पण परदेशांशी व्यापार (नोंद ४१), सीमाशुल्क, ज्यात निर्यात शुल्कही येतं (नोंद ८३), आणि परराष्ट्र व्यवहार (नोंद १०) हे सगळं संघसूचीत. खाद्यपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या (नोंद ३३). थोडक्यात, कांदा पिकतो राज्याच्या विषयात आणि बंदरावर पोचला की केंद्राच्या विषयात जातो. भाव पडला की शेतकरी पहिल्यांदा आपल्या आमदाराला गाठतो, तो मुंबईत बोलतो, आणि फाइल असते दिल्लीत. महाराष्ट्र हे देशातलं सगळ्यात मोठं कांदा उत्पादक राज्य असूनही या निर्णयात त्याचा घटनात्मक वाटा जवळपास शून्य आहे, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दिल्लीतही फाइल एका टेबलावर नसते. बंदी किंवा किमान निर्यात मूल्य लावायचं तर विदेश व्यापार (विकास आणि नियमन) कायदा १९९२ खाली वाणिज्य मंत्रालयाचं विदेश व्यापार महासंचालनालय अधिसूचना काढतं, निर्यात शुल्क लावायचं तर अर्थ मंत्रालय सीमाशुल्क कायद्याखाली काढतं, शहरातल्या भावावर लक्ष ग्राहक व्यवहार विभागाचं, उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाचे, आणि शेजारच्या देशाने मागणी केली की परराष्ट्र मंत्रालयही आलंच.

आर्थिक धोरणाची बाजू अशी, की सरकारला महागाई आटोक्यात ठेवायची असते. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून महागाईचं लक्ष्य ४ टक्के, वरखाली २ टक्के, असं ठरवलं गेलं. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. आता व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही, आणि कांद्याची गंमत अशी की भाव दुप्पट झाला तरी घरातली फोडणी काही अर्धी होत नाही, म्हणजे मागणी लवचीक नाही, त्यामुळे आवक थोडी कमी झाली तरी भाव खूप चढतो आणि आवक थोडी वाढली की धाडकन पडतो. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला तेव्हा कांद्याचे चढलेले भाव हे मोठं कारण मानलं गेलं, आणि तेव्हापासून कुठलंही सरकार असो, कांदा चढला की ते घाबरतं.

मग हाताशी उपाय काय? बफर साठा, म्हणजे केंद्राच्या किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांनी कांदा विकत घेऊन ठेवायचा आणि टंचाईत बाजारात सोडायचा. दुसरं, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा. २०१९ मध्ये किरकोळ व्यापाऱ्याला १०० क्विंटल आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल अशी मर्यादा लावली होती. आणि तिसरा, सगळ्यात सोपा, म्हणजे निर्यात अडवणं. इथून व्यापार धोरण सुरू होतं.

निर्यात अडवायची हत्यारं तीन, आणि फरक नीट लक्षात घ्या. किमान निर्यात मूल्य म्हणजे ठरवलेल्या किमतीच्या खाली माल बाहेर पाठवायचा नाही, यात सरकारला पैसा मिळत नाही, पण इजिप्त किंवा पाकिस्तानचा कांदा स्वस्त असेल तर आपला आपोआप बाजाराबाहेर जातो. निर्यात शुल्कात माल जातो पण सरकार त्यावर कर घेतं, आणि परदेशी ग्राहक जास्त दाम द्यायला तयार नसेल तर तो कर फिरून शेतकऱ्याच्या भावातूनच कापला जातो. बंदी म्हणजे दारच बंद.

२०२३-२४ मध्ये ही तिन्ही एकापाठोपाठ वापरली गेली, म्हणून अभ्यासाला हेच वर्ष घ्यावं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने किलोला साधारण ६६-६७ रुपये. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी, ती सुद्धा अशी की ज्याचा माल जहाजात चढायला लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता अशांनाच सूट, बाकीच्यांचे सौदे झालेले असले तरी ते अडकले. बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, मग तीही लांबली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात संताप झाला, कारण आपला लाल कांदा तर अडकलेलाच होता. लोकसभेचं मतदान चालू असतानाच ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षात इतके बदल, आणि पीक मात्र रोपापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने शेतात असतं. रोप लावताना जो नियम होता तो काढणीला राहील याची कसलीच खात्री नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांचं म्हणाल तर गॅट या जागतिक व्यापार कराराचं कलम ११ निर्यातीवर संख्यात्मक बंधनं घालायला मनाई करतं, पण अन्नाची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरती बंदी त्यात चालते. निर्यात शुल्काला तर मनाईच नाही. ‘तात्पुरती’ म्हणजे किती दिवस हे मात्र करारात कुठे लिहिलेलं नाही, आणि सगळी पळवाट त्या एका शब्दात आहे.

आता परराष्ट्र धोरण. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा फार जुना आणि मोठा गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने अचानक बंदी घातली आणि पुढच्याच आठवड्यात पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तिथे त्या जाहीरपणे म्हणाल्या की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, आणि असा निर्णय घेणार असाल तर जरा आधी कळवत जा. बोलणं हसत हसत होतं पण तक्रार खरी होती. तरी सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तशीच अचानक बंदी आली. मग बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, चीन, जिथून मिळेल तिथून कांदा आणला.

उलट बाजूही आहे. बंदी असतानाही सरकार ठराविक देशांना ठराविक कोटा देतं, म्हणजे कांदा मैत्रीचं साधन होतो. एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांना, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका, मिळून ९९,१५० टनांची परवानगी जाहीर झाली आणि तो माल पाठवायचं काम नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेड या सहकारी संस्थेकडे होतं, खासगी निर्यातदाराला त्यात जागा नव्हती. मालदीवचं उदाहरण तर पाठच करून ठेवा. तिथे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आले होते, संबंध ताणलेले होते, तरी १९८१ च्या व्यापार करारानुसार २०२४-२५ साठी ३५,७४९ टन कांदा मालदीवला द्यायचं भारताने मान्य केलं. सरकार बदललं तरी तिथल्या सामान्य माणसाच्या ताटाशी भांडण नाही, असा तो संदेश होता आणि मला तो बरोबर वाटतो. फक्त मैत्री भारताची आणि पडलेला भाव नाशिकमधल्या निफाड-येवल्याचा, हा हिशोब त्या फाइलीत कुठे दिसत नाही.

कारण बंदीचा खरा अर्थ हा, की परदेशात जाणारा माल देशातच अडवून भाव पाडायचा आणि शहरातल्या ग्राहकाला जो फायदा होतो तो शेतकऱ्याच्या खिशातून द्यायचा. हे अनुदानच आहे, पण अर्थसंकल्पात दाखवलेलं नसतं. कांद्याला हमीभाव नाही. खरिपाचा आणि रांगडा (म्हणजे उशिरा खरिपाचा) कांदा टिकत नाही, तो लगेच विकावाच लागतो. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवण-शेडमध्ये, काही महिने राहतो, पण तिथेही वजन घटतं, सडतो, मोड येतात, म्हणजे बंदी उठायची वाट बघणं सुद्धा फुकट नसतं. २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना भास्कर भगरे यांनी हरवलं आणि नाशिक भागात बऱ्याच जणांनी मोठं कारण कांदाच सांगितलं. १९९८ ला दिल्लीत खाणाऱ्याने मत दिलं होतं, २०२४ ला दिंडोरीत पिकवणाऱ्याने दिलं.