राज्य विधिमंडळ सदस्यांची मुदतमर्यादा (अमेरिका)

राज्याच्या विधिमंडळात एका व्यक्तीने किती वर्षे किंवा किती मुदती सदस्य राहावे, याला कायद्याने घातलेली मर्यादा. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी १६ राज्यांत ती आज लागू आहे. भारतात आमदारांना अशी मर्यादा नाही. म्हणूनच गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा महाराष्ट्र विधानसभेवर निवडून येऊ शकले.

कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या राज्यांतील मतदारांनी १९९० मध्ये ही मर्यादा प्रथम मंजूर केली. आमदार स्वतःवर असे बंधन घालून घेण्याची शक्यता कमी असल्याने, नागरिकांनी सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला आणणे हाच बहुतेक ठिकाणी मार्ग ठरला. पुढील दशकात एकूण २१ राज्यांनी मर्यादा स्वीकारली. त्यांपैकी काही राज्यांत न्यायालयांनी ती रद्द ठरवली, तर आयडाहो आणि युटा येथे विधिमंडळानेच ती मागे घेतली. संसदेतील आपल्या प्रतिनिधींवर मात्र राज्यांना अशी मर्यादा घालता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

या उपायाचे परिणाम कॅलिफोर्नियात सर्वांत ठळकपणे दिसले. तेथील १९९० च्या प्रस्तावाने कनिष्ठ सभागृहात सहा आणि सिनेटमध्ये आठ वर्षे एवढीच आजन्म मर्यादा घातली आणि विधिमंडळाच्या खर्चालाही कात्री लावली. १९८० पासून सभापतिपदावर असलेले विली ब्राउन हे दीर्घ सत्तेचे प्रतीक मानले जात आणि समर्थकांचा रोख बराचसा त्यांच्यावर होता. नवे चेहरे आले, हे खरे. पण सभागृहाचे काम उमगेपर्यंत सदस्याची जाण्याची वेळ येऊ लागली. फेब्रुवारी १९९८ ते फेब्रुवारी २००४ या सहा वर्षांत तीन सभापती झाले. अंदाजपत्रकाचे बारकावे जाणणारे सदस्य बाहेर पडले की ते ज्ञान प्रशासनाकडे आणि हितसंबंधी गटांच्या प्रतिनिधींकडे उरते, आणि त्यांना कोणी निवडून दिलेले नसते. हा आक्षेप या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप मानावा लागतो. जून २०१२ मध्ये मतदारांनीच नियम बदलून दोन्ही सभागृहांत मिळून १२ वर्षे अशी मर्यादा केली, आणि ही वर्षे एकाच सभागृहात काढण्याची मुभा दिली. त्याच वर्षी निवडून आलेले अँथनी रेंडन पुढे सात वर्षे सभापती राहू शकले.

नेब्रास्काचे विधिमंडळ एकसभागृही आहे. तेथे २००० मध्ये सलग दोन मुदतींची मर्यादा आली. ओमाहाचे अर्नी चेंबर्स १९७१ पासून सदस्य होते आणि मृत्युदंड रद्द व्हावा म्हणून अनेक वर्षे झगडत होते. नियमानुसार ते २००९ मध्ये बाहेर पडले, चार वर्षांनी पुन्हा निवडून आले, आणि २०१५ मध्ये त्यांचे मृत्युदंडविरोधी विधेयक राज्यपालांचा नकाराधिकार डावलून संमत झाले. पुढच्याच वर्षी मतदारांनी मृत्युदंड पुन्हा आणला. सक्तीची विश्रांती आणि आजन्म बंदी यांत किती अंतर आहे, ते या उदाहरणावरून कळते. ओक्लाहोमा, मिसुरी, नेव्हाडा आणि मिशिगन येथे मर्यादा आजन्म आहे. फ्लोरिडा, ओहायो आणि मेन येथे ती फक्त सलग मुदतींना लागू होते.

मिशिगनने २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाप्रमाणेच एकूण १२ वर्षांचा नियम स्वीकारला. त्याच वर्षी नॉर्थ डकोटाने प्रत्येक सभागृहात आठ वर्षांची आजन्म मर्यादा घातली आणि तिच्यात दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार विधिमंडळाला न देता केवळ नागरिकांकडे ठेवला.